गादीखालची चिंधी

लातूरच्या औसा रस्त्यावरच्या 'अमृत ऑटो स्पेअर्स'ची पायरी चढता चढता कुणी "वहिनी हायत का?" असं विचारलं, की सिद्धम्माच्या हातातला पुठ्ठ्याचा पंखा थांबायचा. ती समोरच गादीवर बसलेली असायची. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि देह असा की रस्त्यावरून आधी तीच दिसावी. तरी माणसं तिच्या डोक्यावरून आत बघायची.

"हाय की," ती म्हणायची. "आत पाणी पिऊन राहिलीय. तोवर मी चालते, का परत जातोस?"

गिऱ्हाईक ओशाळायचं, पण बसून राहायचं. मग सिद्धम्मा पुन्हा पंखा हलवायची. वारा काही लागायचा नाही.

पूर्वी असं नव्हतं. नवऱ्याला, अमृतरावाला माती दिली तेव्हा मुलगा शिवशंकर शाळेत जात होता. भावकीनं सांगितलं, दुकान भाड्यानं द्या, बाईमाणसाला नट-बोल्टांतलं काय कळतं? सिद्धम्मानं सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या गादीवर जाऊन बसली. कळत खरंच काही नव्हतं. चुकीचा माल दिला की गिऱ्हाईक परत यायचं, शेजारच्या गॅरेजातला गुरुबसप्पा ओरडायचा, ती ऐकून घ्यायची. ऐकता ऐकता शिकली. त्यातही तिचा जीव बसला तो रॉडच्या बेरिंगवर. इंजिनातला रॉड जिथं क्रँकला धरतो, तिथं अर्ध्या बांगडीसारख्या दोन पत्र्या समोरासमोर बसतात. वरून रुपेरी, पोटात तांबं. "क्रँकच्या हातातल्या बांगड्याच त्या," सिद्धम्मा गल्लीतल्या बायकांना सांगायची. "मधी तेलाचा पदर हाय तोवर वाजत न्हाईत. पदर सरला की खणखण सुरू. मग बांगड्या तरी बदला, न्हाईतर हात मोडू द्या."

औसा, किल्लारी, रेणापूर, कुठूनही बेरिंगसाठी माणूस आला की त्याला लोक म्हणायचे, अक्काकडं जा. अक्का जुनी बेरिंग हातात घेऊन, उजेडात फिरवून सांगायची: स्टँडर्ड लागंल, का क्रँक घासून जरा जाड, अंडरसाइज बसवावी लागंल. कधी कधी चुकायची. पण लोकांच्या लक्षात बरोबर आलेलंच राहिलं, आणि सिद्धम्माच्याही.

आणि मग उदगीरहून मंजुश्री आली.

सून म्हणून तिच्यात खोट काढायला जागा नव्हती, हेच तर मोठं दुखणं होतं. बी.कॉम. झालेली, माहेरी भुसाराचं दुकान, त्यामुळं गिऱ्हाइकाशी कसं बोलावं हे आईच्या दुधातूनच आलेलं. पहिली काही वर्षं तिनं स्वयंपाकघर सांभाळलं. मुलगा शिवांश बालवाडीत जायला लागला तशी दुपारची दुकानात येऊन बसायला लागली. आधी फळीवरची धूळ पुसली. मग माल लावून ठेवला. मग येणाऱ्याला चहा विचारू लागली. सिद्धम्मानं इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाला चहा पाजला नव्हता. तिच्या मते बेरिंग चांगली दिली की चहा घरी जाऊन गोड लागतो. आता माणसं चहासाठीसुद्धा यायला लागली.

आणि मग आल्या बाटल्या. मंजुश्रीनं एका कंपनीची एजन्सी घेतली. इंजिन ऑइलात मिसळायचं अ‍ॅडिटिव्ह. सोनेरी झाकणाच्या बाटल्यांची रांगच्या रांग दारासमोरच्या फळीवर लागली. तिथं अमृतरावाचा फोटो होता. तो बाजूच्या भिंतीवर गेला.

"उन्हानं रंग उडून राहिला होता आत्या," मंजुश्री म्हणाली. "तिकडं सावली आहे."

खरंच होतं. फोटोतला अमृतराव पिवळा पडत चालला होता. पण खरं बोलणाऱ्या माणसाचा राग येतो तो दुप्पट येतो.

"काय असतं गं त्या बाटलीत?" एकदा सिद्धम्मानं विचारलं. विचारलं म्हणजे टोमणाच मारला.

"आत्या, गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू होते ना, तेव्हा तेल सगळं तळाशी उतरलेलं असतं. ते वर पोचेपर्यंत बेरिंग कोरडीच घासते. ह्यातलं औषध धातूवर पातळ सायीसारखं धरून राहतं. झीज कमी होते."

"साय दुधावर धरते. लोखंडावर न्हाई."

मंजुश्री हसली. "तुमचं ते तेलाच्या पदराचं सांगता ना तुम्ही, तेच हे."

पदराची गोष्ट सिद्धम्माची होती. ती तिनं गुरुबसप्पाच्या शिव्या खाऊन मिळवली होती. आणि ही पोर ती बाटलीवरची चिठ्ठी वाचून सांगत होती, वर चुकतही नव्हती.

लोक तर मीठ चोळायला टपलेलेच. "सून लई गुणाची मिळाली अक्का. आता तुमी निवांत." निवांत हा शब्द सिद्धम्माला फोडासारखा दुखायचा. तोच शब्द एके दिवशी जेवताना शिवशंकरनं वापरला. "आई, बसव जयंतीपासून गल्ला मंजू बघेल. तू घरी शिवांशपाशी थांब. गुडघे दुखतात तुझे. आता निवांत राहा."

सिद्धम्मानं ताटातली भाकरी कुस्करली. मंजुश्री घाईनं म्हणाली, "एवढी काय घाई आहे? आत्यांना विचारा तरी." हेसुद्धा तिनंच म्हणायचं! सिद्धम्माला वाटलं, हिनं एकदा तरी वाईट वागावं. एकदा तरी चुकावं, चारचौघांत, माझ्यासमोर. बसव जयंतीच्या आत चुकली तर गादी राहील, नाहीतर गेली.

त्या दिवसापासून ती सुनेच्या चुकीवर नजर ठेवून बसली. मांजर दुधावर टपून बसतं तशी.

चूक आली ती किल्लारीच्या पंढरीच्या रूपानं.

पंढरी सीटा भरून भाड्याची जीप चालवायचा, किल्लारी ते औसा, औसा ते लातूर. जीप जुनी, पण त्याचं घर तिच्यावरच. भर दुपारी त्यानं गाडी रस्त्याच्या पलीकडे लावली, बॉनेट उघडून ऑइलची पट्टी ओढून बघितली, पांढऱ्या चिंधीला पुसली आणि ती चिंधी हातात घेऊनच पायरी चढला.

"वहिनी, गाडी टकटक करून राहिलीय."

मंजुश्री पुढं झाली. "कधीपासून?"

"झाले की आठ-पंधरा दिवस."

"ऑइलचा लाल दिवा लागतो का?"

"गरम झाली की जरा डोळा मारतो."

"मग आधी गुरुबसप्पा मामांना दाखवा. शेजारीच आहेत."

"नका नाव काढू!" पंढरीनं कानाला हात लावला. "तो माणूस, पाणी प्यायला गेलं तरी इंजिन उतरवून ठेवतो. उद्या माझ्या भाचीचं, धम्मप्रियाचं लगीन हाय नांदेडला. नवरी माझ्याच गाडीत बसणार हाय. मामाची गाडी म्हणून पोरीनं हट्ट धरलाय. एवढी एक फेरी होऊ द्या. परवा आणून उभीच करतो, शब्द देतो. तोवर तुमचं ते टॉनिक द्या एक."

बोलता बोलता त्यानं हात पुसले आणि चिंधी काउंटरवर टाकली. ती घसरून सिद्धम्माच्या मांडीशी पडली. फेकून द्यावी म्हणून तिनं ती उचलली. दारातून उन्हाची तिरीप येत होती. चिंधी त्या तिरिपेत आली.

काळ्या तेलात बारीक, अगदी बारीक काहीतरी चमकलं. तांबूस.

सिद्धम्मानं चष्मा वर सरकवला. रुपेरी चकाकी असती तर गोष्ट वेगळी होती. हे तांबं होतं. बांगडीचा वरचा मुलामा जाऊन पोट उघडं पडलं होतं. असल्या बेरिंगवर भरलेली जीप नांदेडपर्यंत पळवायची म्हणजे रॉड वाटेतच इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येणार.

"आत्या," मंजुश्रीनं मागं वळून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? देऊ का बाटली?"

सरळ प्रश्न होता. उत्तर हातात होतं. सिद्धम्मानं सुनेकडं बघितलं, तिच्या मागच्या सोनेरी झाकणांच्या रांगेकडं बघितलं, आणि रांगेच्या जागी पूर्वी असलेल्या फोटोचा भिंतीवरचा फिकट चौकोन बघितला.

"तुझं गिऱ्हाईक हाय," ती म्हणाली. "तूच बघ."

तिनं चिंधीची नीट घडी घातली, रुमालाची घालावी तशी, आणि हळूच गादीखाली सारली.

मंजुश्रीनं बाटली दिली. देताना तीनदा बजावलं, "हा इलाज नाही पंढरीभाऊ. जास्त पळवू नका. परवा नक्की या." पंढरीनं चहा घेतला, बाटली घेतली, आणि जाताना म्हणाला, "सून लई गुणाची हाय अक्का!"

"हाव," सिद्धम्मा म्हणाली. "बघू की."

संध्याकाळभर तिला बरं वाटत होतं. खरंच बरं. उद्या गाडी बसेल, परवा पंढरी बोंबलत येईल, साऱ्या औसा रस्त्याला कळेल की वहिनीच्या टॉनिकनं इंजिन खाल्लं. शिवशंकर गप्प बसेल. गादी राहील. ती मनातल्या मनात त्या परवाच्या दिवसाची चव घेत होती. पण जेवायला बसल्यावर घास काही आत जाईना.

"आज सोमवार नाही ना आत्या?" मंजुश्रीनं विचारलं.

"भूक न्हाई."

मंजुश्रीनं लिंबाचं सरबत करून आणून ठेवलं. सिद्धम्माला ते अंगावर ओतून द्यावंसं वाटलं. पण प्यायली. गोडी-आंबटपणा अगदी बरोबर होता.

सकाळी अंघोळ करून ती पूजेला बसली. गळ्यातल्या करडीच्या डबीतून इष्टलिंग काढलं, डाव्या तळहातावर घेतलं, विभूती लावली, बेलाचं पान वाहिलं आणि रोजच्यासारखी त्यावर नजर लावली. काळंभोर लिंग, त्यावर खिडकीच्या उजेडाचा एक ठिपका पडलेला. रोज त्या ठिपक्यावर डोळा ठरायचा आणि जग मागं पडायचं. आज तो ठिपका तांबूस दिसायला लागला. तिनं डोळे मिटून उघडले. तांबूसच. काळ्या तेलातला.

नवरी माझ्याच गाडीत बसणार हाय.

ती पोर कशी दिसते हे सिद्धम्माला ठाऊक नव्हतं. पण हिरव्या बांगड्या भरलेले हात मात्र दिसले, जीपच्या खिडकीच्या कडेवर ठेवलेले. जीप भर रस्त्यात, कुठंतरी माळावर, उन्हात उभी.

पूजा अर्ध्यावर टाकून उठायचं नसतं. सासू गेली तेव्हाही ती पूजा संपवूनच उठली होती. आज तिनं लिंग घाईघाईनं करडीत ठेवलं, गळ्यात घातलं आणि गुडघ्यावर हात टेकत जिना उतरून दुकानात गेली. मंजुश्री शटर उघडून झाडत होती. शिवशंकर खोकी मोजत होता.

"पंढरीचा नंबर लाव."

"काय झालं आत्या?"

"लाव म्हणते ना! नंबर तुझ्याच फोनात असतात समद्यांचे."

मग तिनं गादी उचलली, चिंधी काढली आणि काउंटरवर उलगडली. मंजुश्रीनं वाकून बघितलं. तिला सांगावं लागलं नाही. तिनं चिंधी दारापाशी उजेडात नेली, परत आणली, आणि सासूकडं बघितलं.

"कालची?"

"कालची."

मंजुश्रीनं फोन लावला, आवाज मोठा करून काउंटरवर ठेवला. पलीकडून आधी बायकांची गाणी ऐकू आली, मग पंढरी.

"वहिनी! तुमच्या बाटलीची कमाल बगा! टकटक बंदच झाली की. औशाला पोचलो. लोण्यावानी पळून राहिलीय गाडी!"

इतकं होऊनही बाटलीच जिंकली होती. क्षणभर सिद्धम्माला वाटलं, जाऊ दे, जाईल नांदेडला, कदाचित पोचेलही.

"पंढरीभाऊ, गाडी आहे तिथं बंद करा," मंजुश्री म्हणाली. "औषधानं तेल दाट झालंय, म्हणून आवाज दबलाय फक्त. बेरिंग गेलीय."

"आवाज न्हाई तर बेरिंग कशी जाईल वहिनी? मुहूर्त हाय दुपारचा. आल्यावर बघू."

सिद्धम्मानं फोन ओढून घेतला. "अरे बाबा, आवाज झोपलाय, मेला न्हाई! तुझ्या चिंधीवर तांबं हाय. रॉड बाहेर येईल रस्त्यात. नवरीला धक्का मारायला लावतोस का गाडीला?"

गाणी थांबली होती. पंढरी म्हणाला, "अक्का, चिंधी तर काल दुपारीच टाकली मी. मग काल काहून न्हाई सांगितलं?"

शिवशंकर खोकी सोडून बघत उभा राहिला. तेवढ्यात मंजुश्री फोनवर वाकली आणि शांतपणे म्हणाली, "माझंच चुकलं भाऊ. चिंधी माझ्यासमोर पडली होती, मी नीट बघितली नाही."

सिद्धम्मा थक्क झाली. आणि मग तिला असा संताप आला की तसा एवढ्या दिवसांत आला नव्हता. गिऱ्हाइकं घेतलीस, फळी घेतलीस, पदराची गोष्ट घेतलीस. आता माझी चूकसुद्धा तूच घेणार? आणि मी जन्मभर तुझ्या उपकाराखाली वाकून बसू?

"खोटं बोलून राहिलीय ती!" ती फोनवर ओरडली. "तिनं बघितलीच न्हाई. मी बघितली. मी गादीखाली घातली. तिनं मला विचारलं तरी मी बोलले न्हाई. कळलं? माझं हाय ते. आता गाडी बंद कर!"

पलीकडून किल्ली फिरवल्याचा आवाज आला, आणि इंजिन थांबलं.

त्यानंतरचं सगळं मंजुश्रीनं केलं. औशातल्या एका ओळखीच्या जीपवाल्याला फोन करून वऱ्हाडासाठी गाडी मिळवली. नवरी मुहूर्ताच्या आत नांदेडला पोचली. गुरुबसप्पा दोरी लावून पंढरीची जीप ओढून घेऊन आला. तो ऑइलची टाकी खाली उतरवत असताना सिद्धम्मा गॅरेजच्या दारात स्टूल टाकून बसली. कुणी ये म्हणालं नव्हतं, जा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

निघालेल्या बेरिंग गुरुबसप्पानं तिच्या तळहातावर ठेवल्या. मुलामा औषधालासुद्धा उरला नव्हता. नुसतं ओरबाडलेलं तांबं.

"क्रँक?" तिनं विचारलं.

गुरुबसप्पानं क्रँक पुसून त्यावरून नख फिरवलं. डोळे मिटून पुन्हा फिरवलं. "नख अडत न्हाई. वाचला. घासायला लागत न्हाई, स्टँडर्डच बसंल. अजून घटकाभर पळाली असती तर रॉडनं बाहेर येऊन रामराम घातला असता." मग मंजुश्रीकडं वळून म्हणाला, "आता नव्या बेरिंगवर आधी साधं तेल चालवू दे. ते बदललं की मग घाल तुझी बाटली. धडधाकट माणसानंच टॉनिक प्यावं. मोडलेल्या हाडाला पाजून काय उपयोग?"

"मी तेच सांगितलं होतं त्यांना मामा," मंजुश्री म्हणाली.

"सांगितलं होतं तिनं," सिद्धम्मा म्हणाली. तिचा तिलाच राग आला, पण शब्द निघून गेले होते.

दुपारी शिवशंकर गादीपाशी आला. त्याचा चेहरा बापासारखा दिसत होता, फोटोतल्यासारखा. "आई, आता बसव जयंतीची पण वाट बघायला नको. तू उद्यापासून घरीच थांब."

पंखा उचलून सिद्धम्मा उठायला लागली.

"आणि चिंधी कोण बघणार?" मंजुश्री फळीपाशी पाठमोरी होती. तिचा आवाज कधी नव्हे तो कापत होता, आणि तो मायेनं नव्हे, रागानं. "माझ्यासमोर पडली असती तर मी पुसून फेकून दिली असती. मला बाटलीची चिठ्ठी वाचता येते, तेल नाही वाचता येत. आत्यांनी लपवली, त्याचा मला राग आहे. पुष्कळ आहे. तो मी बघून घेईन. पण त्या इथंच बसतील."

शिवशंकर दोघींकडं बघत राहिला आणि मग खोकी मोजायला गेला. मघाचा आकडा विसरला होता. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

सिद्धम्मा परत बसली. सुनेला राग आला होता. तो आवाज ऐकून तिला, का कोण जाणे, कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं. चार दिवस मंजुश्री कामापुरतंच बोलली. सरबत नाही, 'आत्या जेवा' नाही. सिद्धम्मानं ते निमूट सोसलं. बाटल्यांच्या रांगेत तिनं स्वतःच्या हातानं थोडी जागा केली आणि बेरिंगची दोन खोकी तिथं ठेवली. मंजुश्रीनं बघितलं, हलवली नाहीत.

बसव जयंतीला गल्लीतून मिरवणूक गेली. गल्ला कुणाकडं हा विषय कुणी काढला नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला पंढरी आला. गाडी पायरीलाच लावली. इंजिन चालूच होतं, आणि आवाज एकसारखा, भरल्या पोटाच्या गाईसारखा. सोबत भाचीच्या लग्नाचे म्हणून पेढे होते. एक पेढा त्यानं मंजुश्रीच्या हातावर ठेवला, एक सिद्धम्माच्या. मग खिशातून पांढरी चिंधी काढली, ऑइलची पट्टी पुसलेली, आणि ती कुणाला द्यावी हे न कळून काउंटरच्या बरोबर मधोमध ठेवली.

"बगा," तो म्हणाला. "दोघींनी बी बगा. मग सांगा बाटली घालू का न्हाई."

मंजुश्रीचा हात पुढं गेला. सिद्धम्माचाही. दोघींची बोटं चिंधीच्या दोन टोकांवर पडली.

"आधी मला," सिद्धम्मा म्हणाली.

मंजुश्रीनं टोक सोडलं. सोडताना नाकाच्या शेंड्यावर आलेला सासूचा चष्मा तिनं बोटानं वर सरकवला, जरा जोरातच.